आधी खिडकी, मग राम राम

लहानूकाका कुणाच्याही घरी गेले की आधी खिडकी उघडतात, मग राम राम म्हणतात. खिडकी नसेल तर काठीने एक कौल सरकवतात. कौल परत बसवणं हे घरमालकाचं काम.

आमचा पाडा तलासरीच्या डोंगराकडचा. थंडी पडली की लोक कुडाची भोकं गोणपाटाने बुजवतात, आत शेकोटी पेटवतात आणि तान्हं पोर तिच्याशेजारी निजवतात. धुराने पोर खोकलं की थंडी बाधली म्हणून आणखी एक लाकूड टाकतात. काका आश्रमशाळेत शिपाई होते. आजारी पोरांना दवाखान्यात नेता नेता तिथल्या नर्सबाईंचं सगळं शिकून आले.

"हात भाकरीचा, कोपर खोकल्याचं," हे त्यांचं पालुपद. सरपंचांनी एकदा हातात खोकून तोच हात पुढे केला. काकांनी कोपर पुढे केलं.

मी 'स्वच्छ हवा हा प्रत्येकाचा हक्क' असं पत्रक काढलं. काकांनी ते शेवटपर्यंत वाचलं.

"हक्क आहे, तर तुझ्या घरची खिडकी बंद का?"

मी घरी जाऊन खिडकी उघडली.

पोर आजारी कळलं की काका काखेत भिंतीवरचं घड्याळ घेऊन निघतात आणि मिनिटभर श्वास मोजतात. "रडताना मोजलेला श्वास खोटा. निजू दे." श्वास फार जलद असेल किंवा बरगडीखाली खड्डा पडत असेल तर वाद नाही, दवाखाना. एका आजीने अडवलं, "आधी भगताला दाखवू."

"दाखव. त्यालाही रिक्षात घे."

काकू गेल्यापासून काका एकटेच राहतात. यंदा पौषात त्यांची लेक रेखा उंबरगावहून चाळीस दिवसांची मुलगी घेऊन तीन दिवसांसाठी आली. काकांची पहिली नात. त्यांनी महिनाभर आधी घर सारवलं होतं. रेखा आली त्याच सकाळी काकांना सर्दी झाली.

काकांनी अंथरूण शेजारी माझ्या ओटीवर आणलं.

"बा, तोंडाला रुमाल बांधून घ्या की तिला जरा," रेखा म्हणाली.

"दुसऱ्याला हेच सांगितलं असतं का मी?"

तीन दिवस नात आत, काका अंगणात. तिसऱ्या दिवशी रेखा निघण्याआधी ते खिडकीबाहेर घड्याळ धरून उभे राहिले. आतून रेखाने श्वास मोजले.

"बेचाळीस."

"परत मोज."

"त्रेचाळीस. बा, पोर ठणठणीत आहे. रिक्षा थांबलीय."

"खड्डा?"

"नाही पडत."

काकांना विचारायला आजाराचं काही उरलं नाही. ते घड्याळाकडेच बघत राहिले.

"नाक कुणावर गेलंय?"

रेखाने पोरीच्या तोंडावरचं दुपटं बाजूला केलं.

"माझ्या आयवर."

काकांनी रुमाल काढला आणि बराच वेळ नाक पुसलं. सर्दी होतीच त्यांना.