नमूच्या पानावरची हळद

दाजीबामामा माझ्या दुकानात आले की आधी टेबलफॅन फुल्ल करतात. त्याच्या घरघरीत मग एक शब्द पुटपुटतात, तो मला अर्थातच ऐकू येत नाही. मी वैतागून पंखा कमी करते, ते घाबरून पुन्हा वाढवतात.

लग्न होऊन कुरुंद्यात आले आणि मी ऑनलाइन कामांचं दुकान टाकलं. लोक पीकविम्याला येतात, सातबाऱ्याला येतात. मामा येतात वेबसाइटची नावं घ्यायला. इंग्रजीत तीन-चार अक्षरी नावं घेऊन ठेवायची, कुणा दुकानदाराला लागलं की विकायची.

"मोठ्यानं बोलू नको, पोरी. कुणी ऐकून आधीच घेतलं तर?"

"मामा, इथं तुमी अन् मी दोघंच हाव."

"बाजूला चहाची टपरी हाय की."

मोबाइल वाजला तरी विचारणार, "कोर्टाचा नसंल ना?" बांधाच्या भांडणात त्यांच्या वडिलांचा जन्म वसमतच्या कोर्टात गेला. म्हणून "कज्जा नको, बाप्पा" हे मामांचं पालुपद. घेण्याआधी त्या नावाची कुठं कंपनी नाही ना, हे माझ्याकडून इतकं तपासून घेतात की डोकं उठतं. आणि रान पडीक दिसलं की शेजारी बांध कोरतो, म्हणून घेतलेल्या प्रत्येक नावाच्या पानावर हळदीच्या उभ्या पिकाचा एकच फोटो आणि खाली त्यांचा नंबर. "वहिती दिसली पायजे. ताबा महत्त्वाचा."

परवा आले ते घामानं निथळत. पंखासुद्धा लावला नाही. मोबाइल माझ्यापुढं धरला आणि स्वतः तोंड फिरवलं. एका मसाला कंपनीच्या वकिलाची नोटीस होती. 'नमू' हे आमच्या हळदीचं नाव आहे, त्याच नावावर हळद दाखवून तुम्ही आमची गिऱ्हाइकं फसवता, नाव सोडा.

"मामा, ताबा दाखवायला लावलेली हळदच नडली बघा. देऊन टाका ते नाव."

"न्हाई." मामा माझ्याकडं वळले. "बाकीची सगळी न्या म्हणावं. हे न्हाई."

"काहून?"

"माझी लेक हाय ती. नर्मदा. आमी नमू म्हनायचो."

बापाच्या मनाविरुद्ध लग्न केलं म्हणून मामांनी तिला दारातून परत पाठवलं होतं. त्यानंतर तिचा नंबर बदलला, पत्ताही नाही.

"कधी आपलंच नाव टाकून पाहील ती, तर बापाचा नंबर दिसंल. नाव गेलं तर मला कुठं हुडकंल?" मग हळूच म्हणाले, "त्या फोटोतबी हाय ती."

मी फोटो मोठा केला. हळदीच्या पानांमागं, खांद्यापर्यंतच दिसणारी एक मुलगी हसत होती. इतक्यांदा तो फोटो मी लावला, कधी नीट पाहिलाच नव्हता. मला फार वाईट वाटलं.

वकिलाला उत्तर लिहिलं, हे आमच्या लेकीचं नाव आहे, इथं हळद विकत नाही. फोटोतली हळद जमेल तेवढी कापली, मुलगी ठेवली. कंपनी ऐकेल की नाही, मला ठाऊक नाही. भीती मलाही वाटते आहे.

मामांनी सवयीनं पंखा फुल्ल केला, काहीतरी पुटपुटले. मला ऐकू आलं नाही. मग त्यांनी स्वतःच पंखा बंद केला आणि टपरीवर सहज ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "नंबराखाली लिही पोरी, दार उघडं हाय."