पुरे म्हणणारा पाहुणा

शनिवारी दुपारी एक वाजेपर्यंत चार जणांनी खेळ खेळून पाहिला होता आणि एकालाही तो संपवता आला नव्हता. संघमित्राला सोमवारी सकाळी अकरापर्यंत दहा जण हवे होते. त्यातल्या सहांनी तरी पहिली पातळी, कोणी काही न सांगता, आपली आपण पूर्ण करायला हवी होती. ही अट हितेंद्र सरांची. जळगावच्या कॉलेजात ती गेम डेव्हलपमेंट शिकत होती, हे शेवटचं सत्र होतं, आणि सरांची सही झाली नाही तर प्रकल्प पुढच्या सत्रात, म्हणजे सहा महिने घरी, एरंडोलला.

"खेळणारे विद्यार्थी नकोत," सरांनी बजावलं होतं. "ज्यांनी आयुष्यात गेम खेळला नाही, असे आण. त्यांना कळला तर खेळ. नाही कळला तर चूक त्यांची नाही, तुझी."

तिचा खेळ मोबाइलवर चालायचा आणि साधा होता. मळ्यात भरीत पार्टी आहे. देवचंद नावाचा पाहुणा जेवायला बसला आहे. खेळणाऱ्याने त्याला भरीत-भाकरी वाढायची. पोट भरलं की देवचंद म्हणतो, "पुरे." मग पाण्याच्या तांब्यावर बोट ठेवायचं. पाहुणा हात धुतो, पातळी संपते.

तांब्यावर कोणी बोटच ठेवत नव्हतं.

वडील रविंद्र वीज मंडळात वायरमन. धोका असेल तिथे हात न घालणं हा त्यांचा पेशाच, पण त्यांनी पुरे म्हटल्यावर आणखी एकोणीस भाकऱ्या वाढल्या. आई शिल्पाने सव्वीस. समोरच्या किराणा दुकानाच्या मोहनबाईंनी, जैन असल्यामुळे, वांग्याला हात लावला नाही. त्यांनी नुसत्या भाकऱ्या वाढल्या, शेहेचाळीस.

"काकू, तो पुरे म्हणतोय ना," संघमित्राला राहवलं नाही.

"म्हणणारच, बेटा. पाहुणा आहे तो," मोहनबाई म्हणाल्या. "मनुहार, आग्रह केल्याशिवाय जेवण म्हणजे हॉटेल झालं."

चौथी पार्वताबाई, रविंद्रची थोरली बहीण, भडगावहून चार दिवसांसाठी आलेली. आत्याने चष्मा पुसला, मांडी घातली आणि मोबाइल मांडीवर घेतला.

"पुरे," देवचंद म्हणाला.

"पुरे म्हनस तो," आत्या म्हणाली. "दोन भाकरीमा कोन उठस?"

तिचा अंगठा चालत राहिला. दहा मिनिटं झाली. भाकऱ्यांचा ढीग देवचंदच्या नाकापर्यंत आला, मग पडद्याबाहेर गेला. संघमित्राने भाकऱ्या मोजायला खेळात जे घर ठेवलं होतं, त्यात दोनशे पंचावन्नपर्यंतच आकडा मावत होता. यापुढे कोणी वाढेल असं तिच्या मनातही आलं नव्हतं. आत्याने दोनशे छप्पन्नावी भाकरी वाढली. आकडा फिरून शून्यावर आला. ताट रिकामं झालं. आणि ताट रिकामं असलं की देवचंदने जे म्हणायचं ते तो म्हणाला, "अजून काहीच वाढलं नाही."

आत्याने मोबाइल खाली ठेवला.

"इतलं वाढं मी, आनि हाऊ म्हनस काहीच नही वाढं. तुना पाव्हना माजेल शे, पोरी."

संघमित्राने सरांना फोन लावला.

"नियम स्पष्ट नसेल," सर म्हणाले. "स्पष्ट कर. पुरे म्हटल्यावर कोणीही शहाणा माणूस थांबतो."

तिने तासाभरात नियम स्पष्ट केला. आता देवचंद तीनदा पुरे म्हणायचा आणि ताटावर आडवा हात धरायचा. आईने हातावर भाकरी ठेवली. "काढतील हात," ती म्हणाली, आणि दुसरी ठेवली. मग संघमित्राने दर भाकरीमागे दहा गुण कापायला सुरुवात केली. पडद्यावर लाल आकडे उडायला लागले. वडिलांचे शून्याच्या खाली एकशे चाळीस झाले.

"पप्पा, तुमचे गुण चाललेत."

"जाऊ दे. आपले गुण गेले तर गेले, माणूस अर्धपोटी नको उठायला."

एकच उपाय राहिला होता आणि तो तिने साडेचारला केला. पुरे म्हटल्यावरही वाढलं, तर देवचंद उठून चालायला लागेल. नियम याहून स्पष्ट करणं शक्य नव्हतं. मोबाइल तिने आत्याच्या हाती दिला. देवचंद पुरे म्हणाला, आत्याने वाढलं, देवचंद उठला आणि मळ्याच्या बांधावरून निघून गेला.

आत्या बराच वेळ रिकाम्या पाटाकडे पाहत राहिली. मग ओट्यावर जाऊन बसली. शिल्पाने चहा नेला तर घेतला नाही.

"मना हातनं टाकीसन आजलोंग कोनी गयं नही," ती एवढंच म्हणाली, पण भडगावच्या बाईचा आवाज होता. दळण घेऊन निघालेल्या झुंबरबाईंना तो गल्लीच्या टोकाला ऐकू गेला.

पुढचा प्रवास क्रमाने झाला. झुंबरबाईंनी पिठाच्या गिरणीत सांगितलं की रविंद्रच्या घरचा पाहुणा ताटावरून उठून गेला. गिरणीत विचार झाला की कोणता पाहुणा. रविंद्रच्या घरी शिकून तयार झालेली मुलगी आहे, भडगावहून आत्या आलेली आहे, दुपारपासून घरात बायकांची ये-जा आहे. तेव्हा मुलगी पाहायलाच आले असणार. पावणेसहाला निवृत्त पोस्टमास्तर तोताराम नाना दारात उभे राहिले. अशा प्रसंगी समेट करायला गल्लीत तेच जात.

"रविंद्र, झालं ते झालं," नाना चप्पल काढत म्हणाले. "कुठले होते? पहूरचे असतील तर माझी ओळख आहे. मी फोन करतो."

"कोण, नाना?"

"जे उठून गेले ते. मानपानाचं काही बोलले का?"

"नाना, तो मोबाइलमधला आहे," संघमित्रा म्हणाली.

"मोबाइलवरून जमलं होतं?" नानांनी मान हलवली. "तिथेच चूक झाली मग."

तिने बोलणं थांबवलं आणि त्यांच्या हाती खेळ दिला. पाचवा माणूस तर पाचवा. नानांनी देवचंदला उठून जाताना तीनदा पाहिलं, तीनदा खेळ पहिल्यापासून सुरू केला आणि शेवटी मोबाइल परत देत म्हणाले, "याचा राग आधीचा आहे. जेवणाचं निमित्त."

शिल्पा चहा घेऊन बाहेर आली. संघमित्रा कपाळाला हात लावून बसली होती, तरी पुढचं तिला नीट दिसलं.

नाना आधी म्हणाले, "वा, काय वास सुटलाय आल्याचा." मग म्हणाले, "पण आत्ताच घेऊन निघालो." शिल्पा कप पुढे करते आहे तोवर त्यांनी गुडघ्यावर हात ठेवून उठायची तयारी केली. मग रविंद्रला ट्रान्सफॉर्मरबद्दल काहीतरी विचारलं. शिल्पाने नवऱ्याकडे पाहिलं, तेवढ्यात नानांचे पाय चपलांत होते. कप जिथल्या तिथे. कोणाला वाईट वाटलं नाही. सगळं मिळून अर्धं मिनिट लागलं.

संघमित्रा उठून आत गेली आणि दार लावून घेतलं. तिला कळलं होतं की आपण खेळणाऱ्याला ताटाच्या चुकीच्या बाजूला बसवलं आहे.

रविवारी सकाळी दहाला नवा खेळ तयार होता. देवचंदची सुट्टी झाली. आता खेळणारा स्वतः पाहुणा होता, आणि वाढायला मोबाइलमध्ये एक बाई होती, जिला पुरे ऐकू येत नव्हतं. खेळणाऱ्याने स्वयंपाकाची तारीफ करायची, हात आडवा धरायचा, गाडीची वेळ झाली म्हणायचं, काहीही करायचं. पण बाईची नजर चुकवून तांब्यापर्यंत पोचायचं आणि ताटात हात धुवायचे. पोट फुटायच्या आत उठला तो जिंकला.

आत्याला बोलवायला वडील स्वतः ओट्यावर गेले. ती आली, पण मोबाइल लांब धरून.

"परत तोच शे का?"

"नाही आत्या. आता तू जेवायला बसलीस."

आत्याने बाईचं वाढणं दोन भाकऱ्यांपर्यंत निरखलं. "हाई बाई बरोबर शे," ती म्हणाली. "इनापासून सुटनं म्हनजे काम शे." तिने भरताची तारीफ केली, बाई खूश होऊन चुलीकडे वळली, आणि आत्याने ताटात हात धुतले. चौतीस सेकंद.

मोहनबाईंनी उपासाचं कारण सांगून एकवीस सेकंदांत सुटका करून घेतली. झुंबरबाई, गल्लीतले निंबा टेलर, मंजुळाबाई, सगळे सुटले. तोताराम नानांच्या ताटात बाईला एक भाकरीसुद्धा वाढता आली नाही. संध्याकाळी चारपर्यंत कागदावर दहा नावं, दहा सह्या आणि दहाही पूर्ण. आत्याने भडगावला जाणं एक दिवस पुढे ढकललं आणि आणखी सहा वेळा जिंकली.

सोमवारी सकाळच्या बसने संघमित्रा जळगावला पोचली. हितेंद्र सरांनी कागद वाचला, चष्मा वर सरकवला आणि पुन्हा वाचला.

"परवा एकालाही जमत नव्हतं. आज दहाच्या दहा. तेही मिनिटाच्या आत." त्यांनी कागद टेबलावर ठेवला. "शिकवलंस त्यांना."

"नाही सर. त्यांना येतच होतं."

"संघमित्रा, एवढ्या सोप्या पातळीवर मी सही करत नाही. यात आव्हान कुठे आहे?"

"तुम्ही एकदा खेळून बघा, सर."

सर धुळ्याचे, गेली पाच वर्षं जळगावात खोली घेऊन राहत होते आणि मेसला जेवत होते. तिथे चार पोळ्या ठरलेल्या होत्या आणि पाचवी मागितली तर वाढपी वर बघायचा. त्यांनी घड्याळ पाहिलं, दहा पन्नास, आणि मोबाइल हातात घेतला.

बाईने भाकरी वाढली. सरांनी ती खाल्ली. बाई म्हणाली, "तुम्ही काही खाल्लंच नाही." सर पडद्याकडे पाहत थांबले, आणि त्यांनी आणखी एक घेतली. बाहेर दुसरे विद्यार्थी फायली घेऊन उभे होते. पोट भरल्याची लाल रेघ वर चढली, सर हरले, त्यांनी खेळ पहिल्यापासून सुरू केला. बाई दोनदा चुलीकडे वळली. दोन्ही वेळा तांब्या समोर होता आणि सरांचं बोट त्याच्यापर्यंत जाऊन मागे आलं.

"सर, अकरा वाजून गेले," संघमित्रा म्हणाली.

"माहीत आहे. बस."

साडेअकराला त्यांनी मोबाइल उलटा ठेवला. पेन काढलं आणि आधी मंजुरीच्या जागी सही केली, तारखेसकट. मग कागद तिच्याकडे सरकवता सरकवता थांबले आणि दहा नावांखाली स्वतःच्या हाताने अकरावी ओळ आखली. नाव लिहिलं. वेळ, चाळीस मिनिटं. पातळी, अपूर्ण. शेवटचा रकाना अपूर्ण राहण्याच्या कारणाचा होता. तो सोडला असता तरी चाललं असतं, पण सर नियमाचे पक्के. थोडा विचार करून त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं, "बाईंना वाईट वाटलं असतं."