तावडेकाकांनी चावलेली खेळणी

आमच्या समोरच्या दारातले तावडेकाका लाकूड चावतात. चेष्टा नाही. मुलुंडच्या आमच्या सोसायटीत माळ्याने पेरूची फांदी छाटली की काका खाली हजर. फांदीचं टोक धुतात, दाढेखाली धरतात, डोळे मिटून चावतात आणि निकाल देतात, "पास!" किंवा, बहुतेक वेळा, "रिजेक्ट!"

हे सगळं खोबऱ्यासाठी. खोबऱ्या म्हणजे त्यांचा पांढराशुभ्र ससा. सशाचे दात जन्मभर वाढत राहतात, म्हणून त्याला सतत काहीतरी कुरतडायला लागतं आणि ते पोटात गेलं तरी बाधणार नाही असं असावं लागतं. काकांचा जन्म कारखान्यात माल तपासण्यात गेला. निवृत्तीनंतर तपासायला काही उरलं नव्हतं, ती सोय खोबऱ्याने केली.

माझ्या बायकोने, अनघाने, एकदा हौसेने दुकानातून रंगीत लाकडी गाजर आणलं. काकांनी नुसतं हुंगलं. "रंग आहे गं. वर गोंद. रिजेक्ट." मी पुठ्ठ्याचा खोका दिला, तर त्याच्या पिना आणि चिकटपट्टी काढण्यात त्यांनी सकाळ घालवली आणि शेवटी छपाईच्या शाईवरून तो नापास केला. कण्हेर विषारी, म्हणून सोसायटीच्या सभेत कुंपणाची कण्हेर उपटायचा ठराव मांडला. खोबऱ्या तिसऱ्या मजल्यावर राहतो, असं सेक्रेटरींनी सांगून पाहिलं.

"वारा येतो ना?" काका म्हणाले.

काकू हसायच्या. "माझ्या आमटीलासुद्धा कधी पास म्हणाला नाही हा माणूस. 'चालेल' म्हणतो."

मागच्या वर्षी काकू अचानक गेल्या आणि खोबऱ्याने कुरतडणं सोडलं. काकांच्या काड्या आधीही तो तोंडापुरत्याच कुरतडायचा, आता ढुंकूनही बघेना. काकांनी तुतीच्या फांद्या आणल्या, वाळक्या गवताच्या वेण्या घातल्या. स्वतः चावून पास केलेला सगळा माल तसाच पडून राहिला. डॉक्टर म्हणाले, दात वाढलेत, असंच चाललं तर खाणंही बंद होईल.

काका आमच्याकडे येऊन सोफ्यावर बसले. "वाट लागली रे. आता हा पण जाणार."

मी त्यांना पाणी आणून दिलं.

अनघा चहा ठेवता ठेवता थांबली. "काका, रागावणार नाही ना? पोळ्या झाल्या की काकू त्याला जुनं लाटणं द्यायच्या. तुम्ही फिरायला गेलात की. तुम्हाला सांगू नको म्हणाल्या होत्या."

"लाटणं? न तपासता?"

"तपासायला दिलं तर रिजेक्ट होईल, म्हणायच्या."

काका उठून थेट त्यांच्या स्वयंपाकघरात गेले. आम्हीही मागोमाग गेलो. ओट्याखाली, पिठाच्या डब्यामागे ते सापडलं. ना रंग, ना पॉलिश, एका बाजूची मूठ दातांनी पार झिजलेली. इतकी वर्षं खोबऱ्याचे दात काकूंनी राखले होते आणि श्रेय काकांच्या काड्यांना मिळत होतं.

मला वाटलं, आता लाटणं दाढेखाली जाणार. काकांनी त्या खुणांवरून अंगठा फिरवला आणि न चावताच ते जमिनीवर ठेवलं. खोबऱ्या आला, त्याने हुंगलं, थोडा वेळ नुसताच बसून राहिला. मग कुरतडायला लागला.

"काका, असं हळूहळू संपून जाईल ते," मी म्हणालो. "काकूंची आठवण म्हणून ठेवायचं असेल तर..."

"संपू दे. तिने त्याला दिलंय."

काका तिथेच फरशीवर मांडी घालून बसले आणि बराच वेळ ती कुरकुर ऐकत राहिले.

"पास," ते पुटपुटले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तिच्यासमोर एकदा तरी म्हणायला हवं होतं रे."