आईच्या नावाचं कुलूप

फोर्ट पोर्टलच्या चहा कारखान्याचे मॅनेजर बागुमा यांनी सोमवारी सगळ्या कचेरीला तंबी दिली. पासवर्ड कुणाला सांगायचा नाही. ऑफिसात नाही, घरीही नाही. कॉम्प्युटरची सुरक्षा तपासायला कंपालाहून आलेली बसेमेरा कधीही, कशीही परीक्षा घेईल. जो फसेल त्याचं नाव फाटकावरच्या फळ्यावर लागेल. फळा त्यांनी स्वतः उभं राहून रंगवून घेतला होता.

मंगळवारी दुपारी बागुमांचा फोन वाजला. पलीकडची बाई घरच्या बोलीत, सूर लांबवत बोलली आणि आधी त्यांचं लाडनाव विचारलं. तोरोच्या या मुलखात त्याशिवाय बोलणं सुरूच होत नाही. विचारलं की सांगायचं, नाहीतर आईबापांनी वळण लावलं नाही म्हणतात.

"माझं अड्येरी. तुझं गं, पोरी?"

"अतेन्यी. आजीनं ठेवलेलं." मग हवापाण्याची चौकशी झाली, आणि हळूच, "बाबा, तुमच्या आईला काय म्हणायचात?"

बागुमांचा आवाज सैल झाला. चुलीपाशी नाचणीचा गोळा घोटणारी आई, धुरानं पाणावलेले तिचे डोळे. चहाच्या उतारावरून हाक खाली जायची, केळीतून तिची ओ वर यायची. पण पहिल्या हाकेला कधीच नाही.

"अब्वोली," ते म्हणाले. मग उगाच पुन्हा एकदा म्हणाले, "अब्वोली."

फोन ठेवला तर दारात बसेमेरा उभी, हातात मोबाइल. तिनं तो एक शब्द टाकला आणि मॅनेजरांचा कॉम्प्युटर उघडला. मग त्यांचा फोन उघडला. मग घरचा कॅमेरा. पडद्यावर बागुमांची बायको शेंगदाण्यांवरून कोंबड्या हाकलताना दिसली. शेवटी त्याच शब्दानं गोदामाचं दार खट्कन उघडलं आणि आत पोत्यांवर झोपलेला पहारेकरी कियिझा धडपडत बाहेर आला.

"सर, सगळ्या मुलखात लाडनावं बाराच," बसेमेरा म्हणाली. "चोराला तर फोनही करावा लागणार नाही."

"माझं नाव लाव फळ्यावर," बागुमा हळू म्हणाले. "पण तेवढा शब्द बदलायला लावू नकोस."

"का?"

"आई गेली, तेव्हापासून तिला हाक मारायला जागा उरली नाही. रोज सकाळी बोटांनी मारतो."

बसेमेरानं मोबाइल खिशात ठेवला. "हाक तोंडानं मारा, सर. तिला कुणाची बंदी नाही. बोटांनी फक्त दुसरं काहीतरी टाका. लांबलचक."

बागुमांनी मान हलवली. मग सहज विचारलं, "आणि तुझा पासवर्ड काय गं, अतेन्यी? आजीनं ठेवलेलं?"

बसेमेराचा हात आपोआप स्वतःच्या लॅपटॉपवर गेला आणि झाकण मिटलं.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर दोन नावं होती, बागुमांचं आणि त्याखाली बसेमेराचं. येणारेजाणारे थांबून वाचत होते. कियिझा तर दोनदा येऊन गेला.

आत बागुमा खुर्चीत बसले. दार लोटलेलं आहे ना, हे पाहून हलकेच म्हणाले, "अब्वोली." मग चष्मा लावून नवा लांबलचक शब्द एकेक अक्षर दाबत टाकला.

पडदा उघडला नाही. कुठंतरी एक अक्षर चुकलं होतं.

बागुमांना हसू आलं. त्यांनी खुर्ची जरा पुढे ओढली आणि पुन्हा हाक मारली.