भिंतीवरचा डावा डोळा

दत्तात्रेयभाऊंनी नवी ट्रॅक पँट चढवली ती पहाटे साडेपाचला. क्लास सातला होता.

"एवढ्या लवकर कशाला सजून बसलाव?" पुतळीनं, म्हणजे त्यांच्या बायकोनं विचारलं.

"अगो, आज जिमला जायचंय!" भाऊ म्हणाले आणि आरशात एकदा बाजूनंही बघून आले.

पेणच्या गणपतीच्या कारखान्यात भाऊ तीस वर्षं मूर्तींचे डोळे काढत होते. पाटावर मांडी घालायची, श्वास रोखायचा आणि रेघ ओढायची. यंदा मात्र गुडघे मांडी घालू देईनात. खुर्चीत बसून काढले, तर देव भक्तांना सोडून पंख्याकडे बघू लागले. मालक कमळाकरशेठ स्पष्टच म्हणाले, "सोमवारपर्यंत पाटावर बसता आलं तर ठीक, नायतर डोळे विलास काढील." विलासचा प्रत्येक गणपती मागून कुणीतरी ओरडल्यासारखा दचकलेला असतो. भाऊंच्या काळजाला ते फारच लागलं.

जिमच्या पाटीवर लिहिलं होतं, 'उड्या नाहीत, गुडघ्यांना धक्का नाही'. आत बारा बायका आणि भाऊ. मागच्या चटया आधीच भरल्या होत्या, त्यामुळे पहिल्याच दिवशी त्यांना पहिली रांग मिळाली.

"जमेल तेवढंच करा हं, काका," रोह्याहून येणारी मृणाली मॅडम म्हणाली आणि तिनं गाणं लावलं. एक पाऊल उजवीकडे, एक डावीकडे. भाऊंना इतकी मजा येत होती की इतकी वर्षं आपण इथे का आलो नाही, याचंच त्यांना नवल वाटलं.

तेवढ्यात त्यांची नजर समोरच्या भिंतीवर गेली. भिंतीवर खाली मांडी घालून बसलेली एक योगिनी रंगवली होती आणि तिचा डावा डोळा उजव्यापेक्षा बोटभर वर होता. नेमका त्याच वेळी खालच्या रस्त्यावरून टेंपोवाल्यानं हॉर्न दाबून धरला. मृणालीची स्कूटर आडवी आली होती.

"दोनच मिनिटं! पुढे बघून करत राहा," म्हणत ती धावली.

पुढे भाऊ होते. भाऊंनी अंदाज घ्यायला मान तिरकी केली. मागे बारा माना तिरक्या झाल्या. त्यांनी एक डोळा मिटला, हात ताणून अंगठा धरला. मागे बारा अंगठे उभे राहिले. भाऊ दोन पावलं मागे सरकले, तशा शेवटच्या रांगेतल्या नमिताताई भिंतीवर आपटल्या. मग भाऊंनी सवयीनं श्वास रोखला.

"बाय गो, काय भारी प्रकार हाय हा!" त्यांच्या शेजारची भाग्यश्री पुटपुटली.

"बोलू नको, श्वास सुटंल!" नमिताताईंनी दटावलं.

"काजळाची पेन्सिल हाय काय कोणाकडं?" भाऊंनी मागे न बघताच विचारलं.

पाच पर्स उघडल्या. भाऊंनी हाताला आली ती पेन्सिल घेतली, योगिनीसमोर बसकण मारली आणि डोळ्याची खालची कड ओढायला घेतली.

टेंपो निघायला चांगली दहा मिनिटं लागली. मृणाली वर आली, तर बारा बायका गाल फुगवून जमिनीवर बसलेल्या. कुणाच्या हातात पेन्सिल, कुणाच्या हातात नुसतंच बोट.

"हे काय चाललंय?"

बारा श्वास एकदम सुटले. "म्याडम, रोज हेच घ्या!" भाग्यश्री म्हणाली. "लय घाम आला!"

मृणालीनं भिंतीकडे पाहिलं. योगिनी आज पहिल्यांदाच सरळ तिच्याकडे बघत होती. मग तिनं भाऊंकडे पाहिलं.

"काका, तुम्ही चक्क मांडी घालून बसलाय!"

भाऊंनी खाली पाहिलं. दोन्ही गुडघे जमिनीला टेकलेले. त्यांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. त्यांनी बसल्या जागेवरूनच शेठना फोन लावला.

"शेठ! बसलो! मांडी घालून बसलो!"

"काय सांगतोस! मग ये लगेच. पन्नास मूर्ती आजच द्यायच्या हायत."

"आलोच!" भाऊंनी एक हात जमिनीला टेकून जोर लावला. मग दोन्ही हात लावले. दोन बायकांनी काखेत धरून उचलायचा प्रयत्न केला. मांडी जागची हलली नाही.

"शेठ," भाऊ आवाज खाली आणत म्हणाले, "मूर्ती हिकडंच धाडता काय?"