दुसऱ्या जगात

अळंब्यांच्या बश्या उचलता उचलता मालकाला बाजूच्या टेबलावर काचेचे दोन जग दिसले. दोन्ही सारखे, दोन्हींत साधारण पाऊण लिटर, दोन्ही गडद लाल. त्याच्या माहितीप्रमाणे त्यांतल्या एकातच वाईन होती. दुसऱ्यात थुंकी.

फ्रेंच वाईन आणि सोबत शरदातल्या भाज्या-फळांचं जेवण, असा बेत या छोट्या हॉटेलात पहिल्यांदाच होत होता. वीस पाहुणे, पाच पदार्थ, पाच वाईन. प्रत्येक वाईनवर दोन शब्द बोलायला एक तज्ज्ञ बोलावले होते. त्यांनी फोनवरच बजावलं होतं, "मी गिळत नाही. चव घेतो आणि थुंकतो. माझ्या कोपराशी एक रिकामा जग ठेवा." त्याच जगाच्या जुळ्या भावात संध्याकाळचा नवरदेव हवा खात बसला होता: वीस वर्षांची लाल बोर्दो वाईन. हॉटेल उघडलं त्या आठवड्यात मालकाने आणि त्याच्या बायकोने तिच्या दोन बाटल्या घेऊन जपून ठेवल्या होत्या. एक आज जगात ओतलेली, दुसरी राखीव. पाहुणे आले होते ते तिच्यासाठीच.

मालकाने दोन्ही जग मेणबत्तीसमोर धरले. आतापर्यंतच्या चार वाईनपैकी दोन पांढऱ्या होत्या. म्हणजे थुंकीचा रंग फिकट हवा. पण दोन्ही सारखेच गडद. यातून निघणारा निष्कर्ष शांत माणसाला लगेच सुचला असता. मालक तासाभरात सतरा वेळा स्वयंपाकघरात जाऊन आला होता.

तो तज्ज्ञांच्या कानाशी वाकला. "साहेब, तुम्ही... थुंकलात ना?"

शेजारच्या दंतवैद्य बाईंनी मान वळवली. तज्ज्ञ ताठ झाले.

"म्हणजे काय! एकूण एक घोट!"

"कमाल आहे," बाई कौतुकाने म्हणाल्या. "आमच्याकडे लोक सांगूनही धड थुंकत नाहीत."

"शिस्त लागते, बाई," म्हणत तज्ज्ञांनी टेबलावर कोपर टेकवू पाहिलं. ते टेबल चुकवून खाली गेलं.

मालकाने ते पाहिलंच नाही. त्याच्या डोक्यात गणित सुरू होतं. उरलेली बाटली वीस जणांत, म्हणजे माणशी साडेसदतीस मिलिलिटर. घोटभर तर घोटभर, पण स्वच्छ! तो धावत मोरीपाशी गेला, डोळे मिटले आणि दोन्ही जग ओतून टाकले.

वाईनमध्ये शिजवलेल्या पेअरचा ट्रे घेऊन बायको वळली. सगळा स्वयंपाक तिच्याच हातचा होता.

"अहो, जग कुठंयत? शेवटची वाईन द्यायचीय ना?"

"ओतले. दुसरी बाटली दे, लवकर!"

"ती दुसऱ्या जगात आहे."

"मला मस्करी सुचत नाहीये गं!"

"मस्करी कसली? दुसऱ्या जगात ओतली मी ती. म्हटलं तिलाही हवा लागू दे."

"त्यात त्यांची थुंकी होती!"

"कसली थुंकी? साहेबांच्या कोपराशी कोरडा ठणठणीत पडला होता जग, म्हणून तर उचलला. पुसायचीसुद्धा गरज नव्हती."

दोघांनी दारातून बाहेर पाहिलं. दरवेळी थुंकणं किती अवघड असतं, हे तज्ज्ञ सजावटीसाठी ठेवलेल्या भोपळ्याला समजावून सांगत होते.

"आता काय देऊ?" मालकाने विचारलं.

बायकोने पेअरसाठी आणलेल्या स्वस्त वाईनच्या, नळ असलेल्या खोक्याकडे बोट दाखवलं. "हे आहे अर्धं. पण खरं सांगून द्या."

मालकाने ती सगळ्यांच्या पेल्यांत ओतली, एक रिकामा जग परत तज्ज्ञांच्या कोपराशी ठेवला आणि सांगितलं. "मंडळी, बोर्दो गेली. माझ्याच हातून गेली. ही आमची स्वयंपाकाची वाईन." मग सगळ्यांचे डोळे तज्ज्ञांकडे वळले. त्यांनी पेला फिरवला, वास घेतला, मोठा घोट घेतला. त्यांचे गाल थिजले. हात आंधळ्यासारखा रिकाम्या जगाकडे गेला, आणि त्या संध्याकाळी पहिल्यांदाच ते थुंकले.

"बघा!" दंतवैद्य बाईंनी टाळी वाजवली. "शेवटपर्यंत शिस्त!"

वीसही जणांनी टाळ्या वाजवल्या. बायको मालकाच्या कानाशी आली.

"अहो, हा जग मात्र नीट लक्षात ठेवा."