देवरावकाकांचं कम्प्रेशन

आमचे घरमालक देवरावकाका यांच्या मते या जगात एकाच गोष्टीचं कम्प्रेशन चांगलं आहे, ती म्हणजे त्यांच्या मोटारसायकलचं. बाकी सगळ्यांचं डाऊन.

दूध पातळ आलं की दुधाचं कम्प्रेशन डाऊन. पंखा हळू फिरला की पंख्याचं डाऊन. शेजारच्या लग्नात नवरदेव मांडवात यायला उशीर करत होता, तर काका भर पंगतीत म्हणाले, "याचं कम्प्रेशन डाऊन हाय. धक्का मारल्याबिगर बोहल्यावर चढत नाही थो." नवरदेवाचे मामा समोरच बसले होते. त्यांनी त्यानंतर जिलेबी घेतली नाही.

मी भातकुलीकडची. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच, त्यामुळे अमरावतीत खोली घेताना मी फार घाबरले होते. काकांनी खोली दाखवली, मग माझ्याकडे जरा वेळ पाहून विचारलं, "काय शिकतं वं?"

"बी. एस्सी. फिजिक्स."

"मंग राह्य. इंजिनाले आधार झाला."

एवढीच माझी मुलाखत झाली.

गाडी शंभर सीसीची, काळी. काका आधी कापसाच्या जिनिंगमध्ये नोकरीला होते, अचलपूर रोडला. रोज याच गाडीने जायचे. आता निवृत्त झालेत, पण सकाळी ठरल्या वेळेला गाडी बाहेर निघते. निघते म्हणजे अंगणात येते. चालू होत नाही.

मग सुरू होतो तो सोहळा. आधी काका किक मारतात. मग गाडीला लहान मुलासारखं एका कुशीवर कलवतात, सरळ करतात, पुन्हा किक. मग प्लग काढून थेट स्वयंपाकघरात. गॅसवर पोळी फुगत असते, तिच्या शेजारच्या बर्नरवर काका चिमट्यात धरून प्लग भाजतात.

"पोळ्या तं होऊ द्या आधी!" काकू ओरडतात.

"पोळी थंडी खाता येते. प्लग गरमच लागते."

गाडी का चालू होत नाही, याची काकांकडे भरपूर कारणं असतात. पेट्रोलात रॉकेल आहे. हवा दमट आहे. समोरच्या बाईने नेमकं किक मारताना विचारलं, कुठं चालले म्हणून. एकच कारण त्यांना मान्य नाही. ते कोपऱ्यावरच्या रफिकभाई मिस्त्रींनी एकदा सांगितलं होतं. त्यांनी नुसत्या हाताने किक दाबली, इंजिनात दाब असला की ती कडक लागते; ही लोण्यात सुरी जावी तशी खाली गेली. "काका, कम्प्रेशन नहीं है. इंजन खोलना पडेगा."

काकांनी त्या दिवसापासून रफिकभाईंच्या दुकानावरून जाणंच सोडलं. भाजी आणायला लांबून वळसा घालून जातात, तेही पायी.

हा माणूस हट्टी आहे असं मला आधी वाटायचं. पण माझ्या पहिल्या सेमिनारला मी फळ्यासमोर उभी राहिले आणि तोंडातून शब्दच फुटला नाही. घरी येऊन पायरीवर रडत बसले. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "थंडीतली गाडी हायेस तू. चोक ओढ, दोन मिनिटं घुर्रघुर्र होऊ दे. येकदा गरम झाली का कोणाच्या बापाले थांबत नाहीस." पुढच्या सेमिनारला मी आधी दोन मिनिटं नुसतं फळा पुसत घुर्रघुर्र केलं. मग खरंच बोलता आलं.

काकांचा मुलगा निलेशदादा पुण्यात असतो. त्याची सासुरवाडी अकोल्याची. तो अकोल्याला दोन-तीन दिवस येतो आणि त्यातला अर्धा दिवस अमरावतीला. त्या अर्ध्या दिवसातलाही बराचसा वेळ फोन खातो. मागच्या महिन्यात तो आला तेव्हा काका लंगडत होते. आदल्या दिवशी किक उलटी बसली होती.

"बाबा, बस झालं आता," निलेशदादा म्हणाला. "या वयात पाय मोडून घ्यायचाय का? मी भंगारवाल्याला सांगून ठेवलंय, चार वाजता येतोय तो."

काकांचा चेहरा इतका उतरला की काकूसुद्धा झारा हातात धरून बाहेर आल्या.

"चालू होते थे," काका म्हणाले.

"ठीक आहे. चालू करा. मी मागे बसतो. बडनेरा रोडच्या पेट्रोल पंपापर्यंत जायचं आणि परत यायचं. न थांबता आली तर मी यापुढे गाडीचं नावही काढणार नाही. थांबली तर ती चार वाजता जाणार. कबूल?"

"कबूल."

काकांनी किक मारली. काहीच नाही. निलेशदादाने फोन काढला. मला राहवेना. मी चाचरत म्हणाले, "काका, रफिकभाई सांगत होते... प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडलं तर पिस्टनच्या रिंगांच्या फटी थोडा वेळ बुजतात. दाब वाढतो. मग कदाचित..."

रफिकभाईंचं नाव ऐकून काकांनी डोळे वटारले. मग घड्याळाकडे पाहिलं आणि आत गेले. बाहेर आले ते भांडं घेऊन. त्यात सरकीचं तेल होतं.

"काका, इंजिन ऑइल म्हणाले मी!"

"जिनिंगात जलम गेला माहा. सरकीपरीस चांगलं तेल कोणतं?"

"अवो, भज्याचं तेल हाय थे!" काकूंचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला. "पोरासाठी ठेवलं होतं!"

"पोराच्यासाठीच वापरून राहिलो!"

मी चमचाभर म्हटलं होतं. काकांनी प्लग काढून पळीभर ओतलं. मग प्लग न लावताच जोरात किक मारली. भोकातून तेलाची चिळकांडी उडाली आणि निलेशदादाच्या पांढऱ्या शर्टावर काळी, बाकदार रेघ उमटली. तो फोनवर कोणाला तरी इंग्रजीत काही समजावत होता. ते वाक्य तिथेच राहिलं.

काकांनी घाईने प्लग लावला. किकवर पाय ठेवला आणि थबकले.

"कडक," ते हळूच म्हणाले. "कडक हाय वं पोरी!"

दुसऱ्या किकला गाडी पेटली. आधी खोकली, मग अशी गरजली की तुळशीवरच्या चिमण्या उडाल्या. मागून पांढऱ्या धुराचा लोट निघाला आणि गल्लीभर तळणाचा वास पसरला. समोरच्या बाई खिडकीतून म्हणाल्या, "कोणाच्या घरी भजे होऊन राहिले वो?" काकूंना हसू आवरेना. शर्ट पुसत पुसत निलेशदादा मागे बसला आणि ते दोघे भज्यांच्या ढगातून बडनेरा रोडकडे निघून गेले.

जाऊन यायला दहा मिनिटं पुरे होती. अर्धा तास झाला. एक तास झाला. काकू दारात, मी फाटकाशी. शेवटी वळणावर दोघे दिसले. चालत. काका हँडल धरून, निलेशदादा शेजारी एका हाताने सीट ढकलत.

पण जवळ आले तर दोघेही हसत होते. निलेशदादाच्या दुसऱ्या हातात हरभऱ्याच्या घाट्यांची जुडी होती. मधेच सीट सोडून तो एक घाटा सोलून काकांच्या तोंडात टाकायचा, एक आपल्या. त्याच्या बाह्या वर सारलेल्या होत्या.

"माय, भूक लागली वं," तो आत शिरताना म्हणाला. त्याला वऱ्हाडी बोलताना मी प्रथमच ऐकलं.

काका गाडी स्टँडला लावत होते. मी वाकून पाहिलं, कुठे तेल गळतंय का म्हणून. टाकीखालचा पेट्रोलचा कॉक बंद होता. तो बंद केला की गाडी उरल्यासुरल्या पेट्रोलवर थोडी पुढे जाते आणि थांबते.

"काका, कॉक..."

"हळू बोल."

"तुम्हीच बंद केला?"

काकांनी दाराकडे पाहिलं. "पंप दिसाले लागला तवा केला. गाडी चालू असली का मांगं बसलेल्याचं काही आयकू येत नाही वं. पोरगं काहीतरी सांगून राहिलं होतं, नोकरीचं. मले फकस्त हवा आयकू येत होती. मंग काय करू?"

"पण आता गाडी..."

"सारं सांगतलं त्यानं. साहेब तरास देते म्हणे. लेकराले रात्री झोप लागत नाही." त्यांनी हात पँटला पुसले. "फोनवर तं नेहमी सारं ठीकच रायते त्याचं."

आतून निलेशदादाने हाक मारली, "बाबा, या ना, भजे गार होऊन राहिले!" काकूंनी शेजारून तेल आणलं असावं. काका लंगडत, जवळजवळ पळत आत गेले. गाडीला कुलूपही लावलं नाही.

चार वाजता भंगारवाला हातगाडी घेऊन आला. त्याने फाटकातून दोनदा हाक मारली. मी आत जाऊन सांगितलं. काका आणि निलेशदादा एकाच ताटावर बसले होते, निलेशदादा काहीतरी बोलत होता. काकांनी मान न वळवता बाहेर आवाज दिला,

"घेऊन जाय रे बाप्पा! मले येळ नाही!"

मी त्याच्यासाठी फाटक उघडून धरलं.